खोडलेली ओळ

काय दोस्तांनो, सुट्टी कशी चालली आहे? आंबे, कैऱ्या, पत्ते आणि क्रिकेट, सगळं जोरात ना? चालू द्या! पण तुमच्यापैकी बरेच जण एक प्रश्न नेहमी विचारतात. "उन्हाळ्यात निसर्गात बघायला असतंच काय? सगळं तर करपलेलं!" मागच्या मे महिन्यात माझ्या भाच्यानं मला अगदी हाच प्रश्न विचारला. मग आम्ही ठरवलं, एक अख्खा दिवस द्यायचा. पहाटेपासून रात्रीपर्यंत जे जे दिसेल ते वहीत लिहायचं. सकाळी पक्षी, मग रानफुलं आणि रात्री पतंग. पतंग म्हणजे संक्रांतीला उडवतात तो नव्हे हं! दिव्यावर येतो तो.

माझी बहीण नामपूरला राहते. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीच्या काठचं हे गाव. मोसम पश्चिमेच्या डोंगरांत उगम पावते, तिच्यावर वर हरणबारीचं धरण आहे, आणि पुढे मालेगावकडे जाऊन ती गिरणेला मिळते. इकडे कांदा आणि डाळिंब भरपूर. घराघरांत अहिराणी बोलतात. मे महिन्यात नदीत वाळू आणि गोटे जास्त, पाणी कमी. कुठेकुठे डबकी उरलेली असतात, एवढंच.

आमच्या पथकात तिघं होतो. मी, आठवीत जाणारी भाची आणि पाचवीत जाणारा भाचा. भाचीला घरात सगळे ताईच म्हणतात, तर आपणही तिला ताई म्हणू. आणि धाकटा तो धाकटा!

ताईनं आदल्या रात्रीच वही आखून ठेवली होती. पाच रकाने होते. तारीख आणि वेळ, जागा, काय पाहिलं, काय करत होतं, आणि कोणी पाहिलं.

"शेवटचा रकाना कशाला?" धाकट्यानं विचारलं.

"उद्या कोणी विचारलं, तर उत्तर कोणी द्यायचं ते कळायला नको?" ताई म्हणाली. मला तर हा रकाना फारच आवडला.

पहाटे साडेपाचला आम्ही नदीवर पोहोचलो. उजाडत होतं. पहिली नोंद झाली ती कानानं. दूर कुठेतरी पावशा ओरडत होता, 'पेरते व्हा, पेरते व्हा'. तो काही दिसला नाही, म्हणून ताईनं वहीत लिहिलं, 'पावशा, फक्त ऐकला'. शाब्बास! ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत फरक असतो आणि तो वहीत दिसायला हवा.

वाळूत उतरलो मात्र, टिटवीनं आकाशपाताळ एक केलं. 'टिटिव्-टिटिव्' करत ती आमच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली. याचा अर्थ काय? जवळपास तिची अंडी असणार! टिटवी घरटं बांधत नाही. उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालते, आणि अंडीही इतकी खड्यांसारखी की पाय पडला तरी कळायचं नाही. मग एवढ्या उन्हात ती अंडी भाजून कशी निघत नाहीत? टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते, आणि त्या ओल्या पिसांनी अंड्यांवर येऊन बसते. आहे की नाही घरचा माठ! आम्ही लगेच मागे फिरलो. आपण तिथं उभे राहिलो तर आई अंड्यांपासून लांब राहते आणि ऊन अंड्यांवर चढतं. घरटं दिसलं की दोन पावलं मागे, हा नियम तुम्हीही लक्षात ठेवा.

डबक्याच्या कडेला एक मातकट पक्षी मान आखडून बसला होता. धाकट्याला तो दिसेचना. मग तो उडाला आणि एकदम पांढरेशुभ्र पंख उघडले! तो वंचक. नावाप्रमाणेच फसवणारा. नदीच्या दरडीत वेड्या राघूंची बिळं होती. एक राघू माशी पकडून आणायचा, फांदीवर आपटून आपटून तिची नांगी निकामी करायचा, आणि मगच बिळात शिरायचा. खंड्या, धोबी, गायबगळे, तारेवर कोतवाल, बाभळीवर बुलबुल, बांधावर भारद्वाज, मळ्यात साळुंक्या आणि होले... आठ वाजेपर्यंत चोवीस पक्षी झाले.

आणि तिथंच गाडी अडली. अर्धा तास गेला, नवा पक्षी येईना. ऊन चढू लागलं.

"मामा, पंचवीस झाल्याशिवाय घरी जायचं नाही!" धाकटा म्हणाला.

"मला भूक लागलीय," ताई म्हणाली. "पोटातले कावळे धरले तर पंचवीस होतात की!"

आम्ही हसलो आणि निघालो. धाकटा मागे रेंगाळला होता. थोड्या वेळानं तो धापा टाकत आला. "दिसला! दिसला! स्वर्गीय नर्तक दिसला! त्या चिंचेवर!"

स्वर्गीय नर्तक तुम्हाला ठाऊक असेलच. काळं डोकं, आणि मोठ्या नराला शुभ्र अंग नि फितीसारखी लांबलचक शेपटी. आम्ही दोघं धावत चिंचेखाली गेलो. काहीच नव्हतं.

"शेपटी केवढी होती?" ताईनं विचारलं.

"पुस्तकात आहे तेवढीच!"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. पक्षी उडूनही गेला असेल, कोणी सांगावं? धाकट्यानं स्वतःच वही घेतली आणि लिहिलं, 'पंचवीस. स्वर्गीय नर्तक. चिंचेवर.' शेवटच्या रकान्यात स्वतःचं नावही लिहिलं. पण ते लिहिताना त्याचं अक्षर जरा बारीक आलं होतं.

न्याहारी करून आम्ही फुलांच्या मागे लागलो. "फुलं कुठली आता?" असं म्हणत धाकटा आला खरा, पण नदीच्या वाळूतच पहिलं फूल सापडलं. जमिनीला चिकटून पसरलेलं, पानापानावर काटे, आणि त्यात जांभळी फुलं. भुईरिंगणी! शेजारीच सराट्याची इवलीशी पिवळी फुलं. त्याचा काटा चपलेत घुसला की ब्रह्मांड आठवतं. रस्त्याकडेला रुई होती आणि तिच्या फुलांवर काळाकुट्ट भुंगा घुमत होता. बांधावर पिवळा धोतरा, तरवड, घाणेरी, वेडी बाभूळ. शाळेच्या रस्त्याला बहावा असा काही फुलला होता की पान दिसत नव्हतं, नुसते सोनेरी घोस लोंबत होते.

पायवाटेवर एक लांब देठाचं छोटं फूल होतं. मी ऐटीत सांगितलं, "हे एकदांडी." तेवढ्यात शेतातून येणारी मुलांची आजी थांबली. "हाई काय शे रे भाऊ?" असं म्हणत तिनं वहीत डोकावून पाहिलं. मी नाव सांगितलं, तर ती हसली. म्हणाली, हा तर दगडी पाला. विळा लागला, रक्त आलं, की पाला चोळून लावायचा. ताईनं दोन्ही नावं लिहिली आणि पुढे लिहिलं, 'उपयोग: आजीनं सांगितला'. पुस्तकातलं नाव आणि गावातलं नाव दोन्ही लिहावीत, कारण गावातलं नाव लिहून ठेवलं नाही तर ते आजीबरोबरच जातं.

एकूण नऊ फुलं झाली. त्यांतली चार, म्हणजे पिवळा धोतरा, एकदांडी, घाणेरी आणि वेडी बाभूळ, मूळची अमेरिका खंडातली! पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन बसले.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. ओसरीवर बसून ताईनं सगळ्या नोंदी नीट उतरवून काढल्या. पंचविसाव्या ओळीपाशी ती थांबली आणि तिनं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. निदान डोळे तरी मिटलेले होते.

संध्याकाळी घरामागच्या जुन्या कडुनिंबात चिरचिराट सुरू झाला. पाहतो तर ढोलीच्या तोंडाशी दोन पिंगळे! गोल डोकी, पिवळे डोळे, अंगभर पांढरे ठिपके. आमच्याकडे बघून माना वरखाली करत होते. तिघांनी पाहिले, बोट दाखवून पाहिले. ताईनं लिहिलं, 'सव्वीस. पिंगळा, दोन, कडुनिंबाच्या ढोलीत'.

"तुम्हाला याच्या भावाची गोष्ट माहीत आहे?" मी विचारलं. "इथून फार लांबची नाही. शहाद्याची आहे."

मित्रांनो, ही गोष्ट तुम्हीही नीट ऐका. पिंगळ्यासारखाच एक पक्षी आहे, रानपिंगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके फारसे दिसत नाहीत, आणि तो दिवसाही शिकार करतो. १८७३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. ते देणारे अॅलन ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम! त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शहाद्याच्या बाजूला हे पक्षी मिळाले. त्या काळी पक्षी मारून, पेंढा भरून संग्रहालयात ठेवत. डेव्हिडसननं प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधली. कुठे मिळाला, कधी मिळाला. शेवटचा मिळाला १८८४ साली. त्यानंतर रानपिंगळा कोणालाच दिसला नाही.

पण संग्रहालयात आणखी एक रानपिंगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, '१९१४, मांडवी, गुजरात'. तो दिला होता कर्नल माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं. पक्ष्यांच्या जगात त्याचा मोठा दबदबा होता. साहजिकच त्याच्या चिठ्ठीवर सगळ्यांचा विश्वास बसला. सालिम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञांनीसुद्धा हा पक्षी शोधला, पण व्यर्थ. लोकांना वाटू लागलं, रानपिंगळा संपला.

"मग?" धाकटा पुढे सरकला.

मग पामेला रासमुसेन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी तो १९१४ चा पक्षी बारकाईनं तपासला. पेंढा कसा भरलाय, टाके कसे घातलेत, सगळं पाहिलं. आणि काय निघालं? तो पक्षी डेव्हिडसनच्याच हातचा होता! संग्रहातून चोरलेला, पुन्हा नव्यानं भरलेला, आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली. मांडवीची नोंद अशी चक्क बनावट होती. पुढे कळलं की या कर्नलनं अशा कितीतरी नोंदी खोट्या केल्या होत्या.

"पण खोटं कशासाठी?" ताईनं विचारलं.

"आपल्या नावावर आणखी एक दुर्मिळ पक्षी लागावा म्हणून. दुसरं काय!"

रासमुसेनबाईंनी ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या चिठ्ठ्या हातात घेतल्या. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या दोन साथीदारांबरोबर त्या भारतात आल्या. जुन्या नोंदींतल्या पूर्वेकडच्या जागा आधी पाहिल्या. तिथं काही मिळालं नाही. मग त्या आल्या शहाद्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये एका सकाळी, उघड्या फांदीवर, भर उजेडात रानपिंगळा बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आणि आणखीही काही जंगलांत सापडला. आजही तो संकटात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे, पण तो कुठे राहतो हे कळलं म्हणून त्याची जंगलं राखण्याची गोष्ट तरी करता येते.

"म्हणजे त्या डेव्हिडसनच्या चिठ्ठीमुळे सापडला," ताई म्हणाली.

"हो. आणि दुसऱ्या चिठ्ठीमुळे इतकी वर्षं हरवला होता."

धाकटा काही बोलला नाही. तो नुसता कडुनिंबाकडे बघत होता.

जेवणं झाल्यावर अंगणात कांदाचाळीच्या कडेला आम्ही दोरीवर पांढरी चादर टांगली आणि तिच्यापुढे एक दिवा लावला. आधी आले भुंगेरे, मग तुडतुडे, मग त्यांना खायला एक जाडजूड पाल. आणि मग हळूहळू पतंग येऊ लागले. एक वाळक्या पानासारखा, एक लाकडाच्या ढलपीसारखा, एक चांदीची टिकली लावल्यासारखा चमकणारा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. बसताना बरेच पतंग पंख छपरासारखे उतरते ठेवतात किंवा सपाट पसरतात. आपल्या देशात फुलपाखरांचे सुमारे तेराशे ते चौदाशे प्रकार आहेत, आणि पतंगांचे दहा हजारांहून अधिक! पण कौतुक सगळं फुलपाखरांचं.

"हे वेडे दिव्याभोवती का फिरतात?" धाकट्यानं खूप वेळानं तोंड उघडलं.

कवी म्हणतात, पतंगाचं ज्योतीवर प्रेम असतं. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यानं दिव्याभोवतीच्या किड्यांचं चित्रण केलं, तेव्हा वेगळंच दिसलं. उडताना किडे आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून पाठ उजेडाकडे म्हणजे वर, हा हिशोब बरोबर ठरतो. मध्येच आपला दिवा आला की हिशोब चुकतो. पाठ दिव्याकडे वळते आणि बिचारा गोल गोल फिरत राहतो. म्हणून तासाभरानं दिवा विझवायचा, म्हणजे पाहुणे आपापल्या कामाला जातात.

तेवढ्यात दाजी, म्हणजे मुलांचे वडील, पाण्याची पाळी आटपून आले. चादरीवरच्या एका राखाडी-तपकिरी पतंगाकडे बघून मी म्हणालो, "हा अगदी साधा, रोजचा."

दाजी वाकले आणि बॅटरी मारून पाहू लागले. "साधा? अहो, हा लष्करी अळीचा नर! पंखाच्या टोकाला पांढरा डाग बघा. आमच्या मक्यातल्या कामगंध सापळ्यात रोज मोजतो याला."

माझी ऐट दिवसात दुसऱ्यांदा उतरली! ही मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा नोंदली गेली मे २०१८ मध्ये, कर्नाटकात शिवमोग्याजवळ. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली. एक मादी हजार-दीड हजार अंडी घालते, आणि पतंग वारा मिळाला तर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून सापळ्यात आज किती सापडले, काल किती होते, हे दाजी रोज लिहितात.

"आणि एखाद्या दिवशी मोजलंच नाही, अंदाजानं लिहिलं, तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर फवारणी चुकते," दाजी सहज म्हणाले. "एक तर औषध फुकट जातं, नाहीतर मका जातो."

अकरा प्रकारचे पतंग झाले. त्यांतल्या एकाचंच नाव आम्हाला ठाऊक होतं. बाकी दहांपुढे ताईनं लिहिलं, 'नाव माहीत नाही', आणि प्रत्येकाचं छोटंसं चित्र काढलं. आकार, रंग, मिशा. अगदी योग्य! मित्रांनो, नाव माहीत नसलं तरी नोंद होते. पाहिलंच नसेल, तर कितीही सुंदर नाव लिहिलं तरी ती नोंद होत नाही.

दिवा विझवला. मी चादर काढत होतो. धाकट्यानं ताईकडून वही मागून घेतली, ओसरीच्या उजेडात नेली, आणि थोड्या वेळानं माझ्यासमोर आणून धरली. पंचविसाव्या ओळीवर पेनानं एक आडवी रेघ मारलेली होती.

"मामा, चिंचेवर काहीतरी पांढरं हललं होतं. बहुतेक बगळा असेल. मला पंचवीस करायचे होते." मग जरा थांबून म्हणाला, "ते पान फाडून नवं लिहू का? खोडलेलं वाईट दिसतं."

"नको," मी म्हणालो. "खोडलेली ओळ राहू दे. या वहीवर विश्वास का ठेवायचा, ते तिच्यामुळे कळेल."

ताईनं वही ओढून घेतली आणि आकडे मोजले. "अरे, पिंगळा धरून तरी पंचवीसच होतात की!"

धाकट्याचं लक्षच नव्हतं. तो बॅटरी घेऊन चादरीखाली पडलेला एक पतंग तळहातावर उचलत होता. त्यानं तो हळूच भिंतीकडच्या झुडपात सोडला.

तर दोस्तांनो, आता तुमची पाळी. एक वही घ्या, पाच रकाने आखा आणि एक दिवस निवडा. मे महिन्यातल्या एका शनिवारी जगभरचे लोक पक्षी मोजतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंग सप्ताह असतो. तो २०१२ साली अमेरिकेत सुरू झाला आणि आता आपल्याकडेही पाळतात. सालिम अली आणि मारुती चितमपल्ली या दोघांचेही जन्मदिवस नोव्हेंबरात येतात, म्हणून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. पण अंगणातल्या कडुनिंबासाठी कुठल्याही सप्ताहाची वाट बघायला नको. आज संध्याकाळीच बसा. अंडी, घरटी यांना हात लावू नका, फुलं उगीच तोडू नका, दुपारच्या उन्हात हिंडू नका, आणि रात्री बाहेर बसलात तर मोठं कोणीतरी बरोबर असू द्या.

आणि हो, तुमच्या वहीत किती नोंदी झाल्या ते तर कळवाच, पण किती खोडल्या तेही कळवा बरं का!